कळंब, एकट्याने: नवशिक्यांसाठी

अनोळखी गावात एकट्याने जावं, कोणी ओळखीचं भेटू नये आणि गल्लीबोळांतून हिंडताना आपली आपल्याशीच गाठ पडावी, अशी इच्छा तुम्हाला झाली आहे. घाबरू नका. हल्ली बहुतेकांना होते. फक्त पहिल्याच खेपेला गोकर्ण नाहीतर ऋषिकेश गाठू नका. तिथे एकटे आलेले लोकच इतके असतात की चहाला टेबल मिळत नाही. सुरुवात यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबपासून करा. गाव आटोपशीर, खर्च बेताचा, आणि एकटं राहण्याची परीक्षा इतकी कडक की इथे पास झालेला माणूस पुढे कुठेच अडत नाही. पास झालेला कोणी अजून भेटलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

1. आधी कळंब नक्की करा. महाराष्ट्रात कळंब नावाची तालुक्याची गावंच दोन आहेत. एक धाराशिव जिल्ह्यात मांजरेकाठी, दुसरं आपलं, चक्रावतीकाठी. शिवाय मंचरजवळ एक कळंब आहे आणि नालासोपाऱ्याला कळंबचा समुद्रकिनारा आहे. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'कळंब' टाकून डोळे मिटून निघालात तर चिंतामणीच्या दर्शनाऐवजी वाळूत भेळ खायची वेळ येईल. चिंतामणीचाही भरवसा नको: पुण्याकडच्या माणसाला विचारलंत तर तो न थांबता तुम्हाला थेऊरला पाठवेल.

2. एसटीने जा. नागपूरहून वर्धा, देवळी करत यवतमाळकडे जाणारी गाडी धरा. खिडकीशी बसून चेहरा किंचित उदास ठेवा, सोलो प्रवासाचा तो गणवेश आहे. शेजारी आजोबा येऊन बसतील. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, त्यामुळे आजोबांना कसलीच घाई नसते. 'कुठी चाल्ले?' इथपासून सुरुवात होईल. कानात हेडफोन घालून उपयोग नाही. आजोबा एक बोंडूक हळूच काढून स्वतःच्या कानाला लावून पाहतात.

वर्धा नदीचा पूल आला की सावध व्हा. अलीकडे वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी. पलीकडे यवतमाळ, तिथे नाही. पूल ओलांडताना काही सहप्रवाशांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते नदीच्या सौंदर्याने आलं, असं समजून फोटो काढा.

रेल्वेचाही पर्याय आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. नांदेडला जायला निघालेली रेल्वे पहिल्या झेपेत सुमारे 40 किलोमीटर चालली आणि कळंबला टेकली. तीही पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, तेव्हा तिला हसू नका.

3. सामान कमी घ्या. कमी म्हणजे किती, याचा दाखला शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. शेंडगावच्या डेबूजीने 1905 मध्ये घर सोडलं तेव्हा जवळ होतं एक गाडगं, खराटा आणि अंगावर चिंध्या. गावात शिरल्यावर तो आधी गाव झाडायला घ्यायचा, ओळखपाळख नंतर. तुमच्याकडे साठ लिटरची सॅक, पॉवर बँक, सेल्फी स्टिक आणि तीन प्रकारचं सनस्क्रीन आहे. गाव झाडायची सक्ती नाही. निदान चिप्सचं पाकीट खिशात ठेवा, एवढ्यानेही गाडगेबाबांच्या मुलखात इभ्रत राहते.

मे महिन्यात येणार असाल तर सनस्क्रीन विसरा. पारा 45 ला टेकतो तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधा आणि खिशात कांदा ठेवा. दुपट्टा बांधल्यावर फक्त डोळे दिसतात. आपल्याला आता कोणी ओळखणार नाही म्हणून हुरळू नका. नवा माणूस इथे चालीवरून ओळखतात.

4. प्रश्नांची तयारी करा. हा धडा मोठा आहे, कारण कळंबला तुमचा नव्वद टक्के मुक्काम यातच जाणार आहे.

स्टँडवर उतरून दहा पावलं चाललात की पहिला प्रश्न: 'कोनाकडं आले जी?' इथे नवशिके 'कोणाकडेच नाही' असं खरं सांगून बसतात. असं कधीही करू नका. कोणाकडेच न आलेला माणूस ही गावाच्या दृष्टीने अपूर्ण माहिती आहे आणि ती पूर्ण केल्याशिवाय कोणी घरी जात नाही. 'एकलेच काहून आले? घरी भांडन झालं काय?' असं विचारतील, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत खरीच काळजी असेल. त्या काळजीपुढे तुमचं आत्मशोधन फार वेळ टिकत नाही.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर उत्तर गावच ठरवतं. पाठीला सॅक आणि पायात चांगले बूट: औषध कंपनीचा माणूस. हातात वही: बियाण्याच्या कंपनीचा, नाहीतर बचत गटाच्या कर्जाची वसुली करणारा. गळ्यात कॅमेरा असेल तर मात्र ठेल्यावरचं बोलणं थांबतं. कॅमेरेवाले या जिल्ह्याने भरपूर पाहिलेत. ते कापसाच्या भावाबद्दल विचारतात, मग हळूच एखाद्या घरचा पत्ता विचारतात, आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली बाईला बसवून फोटो काढून जातात. तेव्हा कॅमेरा सॅकमध्येच ठेवा. आत्मशोधन मोबाइलवरही होतं.

मग येतो मुख्य प्रश्न: 'आडनाव काय?' नुसत्या नावाने भागत नाही. पाटील सांगितलंत तर 'कोनते पाटील?' देशमुख सांगितलंत तर 'कुठले देशमुख?' दोन मिनिटांत तुमचा जिल्हा, पोटजात, आजोळ आणि आर्वीला दिलेली चुलत आत्या हे सगळं हाती लागतं. ती आत्या तुम्हालाही माहीत नव्हती. तुम्ही स्वतःला शोधायला आला होतात ना? लागला शोध, तोही चहा येण्याआधी. ज्यांचं आडनाव ऐकल्यावर समोरचा क्षणभर गप्प होतो आणि चहाचा विषय मागे पडतो, त्यांच्यासाठी आमच्याकडे युक्ती नाही. त्यांना एकट्याने फिरायचा सराव आधीपासूनच असतो.

धीर सुटू लागला तर चक्रधरस्वामींची आठवण करा. विदर्भात एकट्याने पायी भटकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. 'लीळाचरित्रा'तला 'एकांक' हा भाग त्यांच्या त्या एकटेपणाचाच. पण एकांक लवकर आटोपतो, आणि मग पूर्वार्ध नि उत्तरार्ध भरून माणसंच माणसं. खुद्द स्वामींची ही गत, तिथे तुम्ही तर शनिवार-रविवार जोडून आलेले.

5. चिंतामणीला जा, पण खाली जा. एकट्याने फिरणाऱ्यांना चढण आवडते: शिखर गाठायचं, दोन्ही हात पसरायचे, पाठमोरा फोटो. कळंबचा चिंतामणी जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरत जायचं, पुढ्यात गणेशकुंड, आणि हात पसरलेत तर मागच्या आजींना लागतील. दर बारा वर्षांनी कुंडाचं पाणी चढून देवाच्या पायाला लागतं आणि मग ओसरतं, अशी इथली श्रद्धा. पाणी या वेळी कधी चढेल असं पायरीवर बसलेल्या कोणालाही विचारू नका. विचारलंत तर मागच्या वेळी कोण कोण आलं होतं, कोणाच्या घरी किती पाहुणे होते आणि पुऱ्या कशा कमी पडल्या हे सगळं ऐकूनच वर यावं लागेल. चतुर्थीला तर येऊच नका. त्या दिवशी एकटेपण चपलांच्या ढिगाजवळच काढून ठेवावं लागतं.

6. एकट्याने खायला शिका. सकाळी तर्री-पोहे मागवा. रस्सा लाल असेल, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येईल. पुस्तक उघडून त्यात तोंड लपवा. पुस्तकाचा दुसरा उपयोग होणार नाही, कारण समोरच्या बाकावरचा माणूस ते तुमच्या हातातून घेऊन, किंमत पाहून, परत देईल. पैसे द्यायला गेलात तर 'झाले जी, त्या भाऊनं देल्ले' असं ऐकाल. भाऊ केव्हाच मोटारसायकलवर बसून निघून गेलेला असेल. अनोळखी माणसाने एकट्याला गाठून बिल भरणं, यावर प्रवासाच्या पुस्तकांत इलाज दिलेला नाही.

पानठेल्यावर थांबा, पण फक्त पाहा. ठेलेवाला पन्नीवर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घेतो, पन्नीची घडी घालतो आणि तळव्याने फळीवर दाबून घोटत राहतो. पन्नीचा चर्रचर्र आवाज, हात चाललेला, नजर मात्र तुमच्यावर. खर्रा तयार होईपर्यंत तुमची माहिती पुढच्या चौकात पोचलेली असते. चव घेऊ नका. तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात तर अजिबातच एकटं वाटत नाही.

7. मुक्काम. लॉजवर एकट्याने खोली मागितलीत की रजिस्टरवरचा हात थबकतो. आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं जातं. 'येण्याचे कारण' या रकान्यात 'स्वतःचा शोध' लिहू नका. रात्रीतून तीनदा पाणी हवं का म्हणून दार वाजेल. 'लग्न' लिहा. कोणाचं, ते कोणी विचारत नाही.

8. तुम्ही बाई असाल तर. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. भाडं अर्धं, प्रश्न दुप्पट. 'एकटीच?' या शब्दानंतर गाडीतली एखादी मावशी तुम्हाला स्वतःजवळ बसवून घेईल, पुढ्यातलं शेंगदाण्याचं पुडकं तुमच्यासमोर धरेल आणि स्टँडवर उतरल्यावर तुम्हाला तिच्या भाच्याच्या हवाली करेल. भाचा मंदिरापर्यंत चार पावलं मागे चालत येईल. आदर्श सोलो प्रवासात याला स्वातंत्र्याचा संकोच म्हणतात. संध्याकाळी सात वाजता स्टँडवरचे दिवे गेले की मात्र मावशीचा नंबर घेतला होता का, ते पाहा.

9. शेवटची तयारी. निघायच्या आधी एक प्रश्न हमखास येतो: 'लगन झालं काय?' उत्तर 'हो' असेल तर पुढचा प्रश्न 'मंग बायकोले काहून नाई आनलं?' यावर 'पुढच्या वेळी आणतो' म्हणा आणि तारीख देऊ नका. उत्तर 'नाही' असेल तर सॅकच्या वरच्या कप्प्यात बायोडाटाच्या चार प्रती ठेवा, फोटो समोरून काढलेला, उंची आणि शेती दोन्ही लिहिलेली. कमी पडल्या तर काळजी नको, झेरॉक्सचं दुकान दाखवायला भाचा सोबत येईलच.