आता मधलंच राहिलंय

आमच्या आत्याकडे पाहुणा मुक्कामाला आला की रात्री एक ठरलेला प्रसंग घडतो. आत्या पलंगाच्या पेटीतून गोधडी काढते, झटकते, ऐटीत पसरते आणि एकदम जीभ चावते. "अगं बाई, ही नको. हिचं मधलंच राहिलंय." मग दुसरी निघते. तिचंही मधलं राहिलेलं असतं. तिसऱ्या गोधडीला पाहुणाच म्हणतो, "राहू द्या हो, मला उकडतंच." शेवटी सोलापुरी चादर पांघरून तो झोपतो आणि आत्या सात गोधड्यांची पुन्हा घडी घालत बसते.

सातही तिनं स्वतः घातलेल्या. पुरी एकही नाही.

आत्या मूळची कराडची. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. पुण्यात आल्यावर ती 'गोधडी' म्हणायला शिकली, पण आतोबांशी बिनसलं की अजून वाकळच तोंडात येते. तिला आळशी म्हणणाऱ्यानं तिला गोधडी घालताना पाहिलेलं नाही. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले की वरचा आणि खालचा असे दोन्ही थर त्यातच निघतात. हा हिशेब ती कागदाला पेन न लावता करते. मधल्या थरात धोतरं, परकर, जुने पलंगपोस. हॉलमधली खुर्ची-टेबलं बाहेर जातात. कापड ताणून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली जातात: एकावर वरवंटा, दुसऱ्यावर खलबत्ता, तिसऱ्यावर इस्त्री आणि चौथ्यावर आतोबा. कच्चे टाके पडेपर्यंत आतोबांनी उठायचं नसतं. दोन दोन वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचून होतात त्यांची.

मग धावदोरा सुरू होतो. कडेनं एक चौकोन, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं आत आत जायचं. पहिला चौकोन आत्या जेवणखाण विसरून घालते. दुसऱ्याला शेजारणींना बोलावून दाखवते. पाचव्या-सहाव्याला तिच्या सुईचा वेग सरकारी फायलीवर येतो. मधे पोचायचं तर गोधडीवरच बसावं लागतं. बसलं की गुडघे आठवतात, गुडघे आठवले की चहा आठवतो, आणि चहा घेताना कपाटातलं एखादं मऊ लुगडं नजरेला पडतं. संपलं. जुन्या गोधडीचं मधलं पोट टम्म फुगलेल्या भाकरीसारखं तसंच राहतं, आणि आतोबा पुन्हा चौथ्या कोपऱ्यावर जाऊन बसतात.

एक दिवस मी सगळ्यात जुनी गोधडी मांडीवर घेऊन नीट पाहिली. कडेचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका ओळीत, जणू शाळेची प्रार्थना चालली आहे. चार बोटं आत गेल्यावर ते शेंगदाण्याएवढे झालेले. तिथे आत्याला चष्मा लागला असणार. पुढे पांढरा दोरा संपून निळा सुरू होतो. एके ठिकाणी वीतभर टाके इतके घट्ट ओढलेत की कापड चुण्या पडून गोळा झालंय. हे काय, म्हणून विचारलं तर आत्या म्हणाली, "तेव्हा तुझ्या आतोबांची बहीण महिनाभर राहायला आली होती." त्याच्या पलीकडे एक सुई अर्धी टोचलेली होती, दोऱ्यासकट. गंजून कापडाला तिचा तपकिरी डाग पडला होता. मी ती काढायला गेलो तर आत्यानं हातावर चापट मारली. "राहू दे तिथंच! कुठपर्यंत आले होते ते कळायला नको?"

घरातल्या जुन्या कपड्यांवर तिचा डोळा असतो आणि म्हणून बोहारणीशी तिचं उभं वैर आहे. जुने कपडे देऊन स्टीलचं पातेलं घेणाऱ्या बाया तिच्या लेखी घरफोड्याच. "मऊ कापड पंधरा-वीस वर्षं अंगावर घासावं लागतं, पातेलं काय दुकानात मिळतं," हे तिचं म्हणणं मात्र मला पटतं. सुती लुगडं धुऊन धुऊन विरलं की सुई त्यात लोण्यात गेल्यासारखी जाते. भाच्यानं, म्हणजे मीच, एकदा मोठ्या मनानं जुनी जीन पँट दिली. त्यात दोन सुया मोडल्या आणि वर मला, "तुमच्या पिढीचं काही मऊ पडतच नाही," हे ऐकावं लागलं. त्यामुळे आतोबांच्या सदऱ्यांवर फार ताण येतो. दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी घडीत सापडला नाही की ते न बोलता गोधडीचा मधला थर चाचपून बघतात. एकदा खिशातल्या बसच्या पासासकट सापडला.

आतोबांनीही आपल्या परीनं उपाय केला. आत्या कराडला गेली असताना त्यांनी गोधड्या शिवून देणाऱ्या दोन बायकांना बोलावलं, मजुरी ठरवली आणि एका गोधडीचं मधलं पुरं करून घेतलं. काम सुरेख झालं होतं. आत्या आली, तिनं मागच्या बाजूवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "हे टाके माझे नाहीत." दोन दिवसांत तिनं ते सगळे उसवले. उसवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. ते काम तिनं कधी अर्धवट सोडलेलं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आम्हाला वाटलं, आता पुऱ्या होतील. कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही. आत्यानं त्या काळात दोन नव्या घातल्या. मग डोळ्यांकडे बोट दाखवू लागली. मोतीबिंदू होता हे खरं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, लख्ख दिसायला लागलं. आम्ही हौसेनं गोधडी पुढ्यात ठेवली. आत्यानं ती उजेडात धरली, आपलेच टाके पहिल्यांदा नीट पाहिले आणि "ई, हे काय वाकडंतिकडं!" म्हणून तीन चौकोन उसवून टाकले. गोधडी पाच वर्षं मागे गेली.

मागच्या आषाढी एकादशीला तिनं चातुर्मासाचा नेम धरला. कांदा-लसूण चालेल, पण जुन्या पुऱ्या होईपर्यंत नवी गोधडी घालायची नाही. आठ दिवसांत हॉलमध्ये वरवंटा दिसला. "अहो, ही गोधडी कुठंय? हे बसकर आहे." बसकर लांबीला सहा फूट होतं. श्रावणात उशीचा अभ्रा निघाला, तोही चार थरांचा. आतोबा म्हणाले, "गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे. त्यांची चिंध्यांची असेल, पण पुरी होती."

हे मात्र तिला लागलं असावं. कारण घटस्थापनेच्या आधी, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला काढतात त्या आठवड्यात, आत्यानं पेटीच्या तळातून एक दुपटं काढलं. हे तिनं १९९१ साली, स्वतःच्या डोहाळजेवणाच्या दिवशी घातलेलं. बाळ आलं, रांगलं, शाळेत गेलं, नोकरीला लागलं, त्या बाळाचं लग्न झालं. ती माझी आतेबहीण. दुपट्याचं मधलं राहिलेलं होतं. मग ते आतेबहिणीच्या मुलीसाठी पुरं करायचं ठरलं. आता ती मुलगी बालवाडीत जाते.

चार दिवस आत्या गॅलरीत बसून होती. मी सुईत दोरा ओवून देत होतो. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दहा सुया तयार ठेवायच्या, म्हणजे मधे उठायला निमित्त नको, ही माझी युक्ती. शेवटचा चौकोन तळहाताएवढा उरला तेव्हा तिनं चहा मागितला. आतोबांनी दिला नाही. पाचव्या दिवशी तिनं गाठ मारून दोरा दातानं तोडला आणि दुपटं उलटसुलट करून पाहिलं. नात आली, तिनं ते अंगाभोवती घेऊन बघितलं, गुडघ्यापर्यंतच आलं. मग तिनं त्यात आपली बाहुली गुंडाळली. आतोबा म्हणाले, "चला, बाहुलीच्या बारशाला तरी वेळेवर पोचलं."

त्या रात्री आत्याला झोप लागली नाही. "हात अगदी रिकामे रिकामे वाटतात रे," मला फोनवर म्हणाली. सकाळी आतोबांचा फोन आला, चौथ्या कोपऱ्यावरून.

म्हणून हात जोडून विनंती. कुणाकडे आजीचं, पणजीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं असेल तर ते खुशाल बोहारणीला द्या, पातेलं घ्या. पण आमच्या आत्याला कळवू नका.