भुताचा पंचनामा : नवोदित कादंबरीकारांसाठी

मुंबईत काळ्या जादूशी लढणाऱ्या तपासनीसाची कादंबरी लिहायची ठरवलीत? उत्तम. आधी त्याचा लांब काळा कोट उतरवा. मे महिन्यात दादरच्या पुलावर तो कोट घालून निघालेल्या नायकाला भुताआधी घामच गाठेल. त्याला हाफ शर्ट द्या, लोकलचा पास द्या. नारायण धारपांच्या कथांतले समर्थ काळ्या जादूशी लढायचं काम फार आधी करून गेले आहेत. ते वाचा, आणि मग त्यांच्यासारखं लिहू नका.

भुतं स्थानिकच घ्यावीत. व्हँपायर आणलात तर त्याला राहायला जागा कुठली द्याल? आपल्याकडच्यांचे पत्ते ठरलेले असतात. मुंजा पिंपळावर राहतो. मेट्रोसाठी पिंपळ गेला की तो प्रकल्पग्रस्त, पण सोडमुंजीआधीच गेलेलं पोर असल्यामुळे रहिवासाचा दाखला नाही, आणि वय अजून आठच, म्हणजे अर्जावर सही पालकाची हवी. गिऱ्हा पाण्यातला. विहिरी बुजल्या, तेव्हा त्याला सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत हलवा. वेताळाला कोकण-गोव्यात चपला वाहतात, कारण रात्रभर हिंडून त्याच्या झिजतात. पण खरा हिरा म्हणजे समंध. मालमत्तेत जीव अडकलेला हा गृहस्थ गिरगावातल्या पागडीच्या खोलीत बसवला आणि बाहेर बिल्डर पुनर्विकासाची संमतीपत्रं घेऊन उभा केला, की शंभर पानं आपोआप निघतात. कोण कोणाला घाबरतं, ते तुम्ही ठरवा.

आता खलनायक. इथे बहुतेक नवशिके घसरतात, कारण त्यांनी परदेशी मालिका पाहिलेल्या असतात आणि महाराष्ट्राचा कायदा वाचलेला नसतो. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षं रखडला होता. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांतच वटहुकूम निघाला. डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्याला बारा कलमांची अनुसूची आहे. ती उशाशी ठेवा, कारण तुमच्या मांत्रिकाआधी तुमचा नायकच तीत सापडणार आहे.

पहिलंच कलम बघा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं किंवा साखळीनं बांधणं, छडी-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला तो थरारक प्रसंग हाच ना? शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये, आणि गुन्हा अजामीनपात्र. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना धाक घालणंही गुन्हाच, म्हणजे तिसरं प्रकरणही गेलं. शेवटच्या प्रकरणात नायक सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून बोट रोखतो, ‘करणी यानंच केली!’ एखाद्याला असं जाहीर करणं हाही अनुसूचीतला गुन्हा. मंत्रतंत्रानं गुरांचं दूध आटवल्याचा आळ घेणंसुद्धा त्याच कलमात येतं. मुंबईत ते आरे कॉलनीपुरतं जपलं तरी चालेल.

म्हणून नायक पोलिसांतला घ्या. या कायद्यानं दक्षता अधिकारी नेमायची सोय केली आहे, दर्जा किमान पोलीस निरीक्षकाचा. जादूटोण्याच्या सरकारी तपासनीसाचं पद तुम्हाला फुकट मिळतंय, आणि तुम्ही गुप्त पंथ कसले शोधताय? खबरी म्हणून नंदीबैलवाला घ्या. ज्योतिष सांगायला त्याला याच कायद्यानं मोकळीक ठेवली आहे, त्यामुळे तो पोलीस ठाण्यात बिनधास्त येऊ-जाऊ शकेल.

निरीक्षकाच्या जोडीला अंधश्रद्धा निर्मूलनाची एक कार्यकर्ती हवी. तिच्या पिशवीत ग्लिसरीन, पोटॅशियम परमँगनेट आणि जास्वंदीची फुलं. पहिल्या दोन्हींची गाठ पडली की काडी न ओढता होम पेटतो, आणि बघणाऱ्यांना ग्लिसरीन तूप वाटतं. जास्वंद चोळलेल्या सुरीनं लिंबू कापलं की रक्त. ही माहिती वाचकाला कार्यकर्तीकडूनच द्या, प्रस्तावनेतून नको.

आणि तिला भानामतीचं प्रकरण सोपवा. वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, भाकरीच्या पिठात खडे निघतात. ती घरातल्या प्रत्येकाशी एकटीनं बोलते. सासू रडते, मुलगा चिडतो, धाकटी सून फार नेमकं बोलते. चार दिवसांत प्रकार थांबतात. हे घडवणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच, कशानं तरी घुसमटलेलं असतं. जाणते कार्यकर्ते त्याचं नाव चारचौघांत फोडत नाहीत, त्याला आधार देतात. तेव्हा तुमच्या कार्यकर्तीलाही गुन्हेगार कळलेला असेल, निरीक्षकाला कळलेला असेल, वाचकाला नव्वद टक्के कळलेला असेल, आणि शेवटच्या पानावर ते दोघं चहा पिऊन निघून जातील. प्रकाशक फोन करून शेवट कुठे आहे म्हणून विचारेल. हाच शेवट आहे असं सांगा. तो अडून बसला, तरी सुनेचं नाव त्यालाही देऊ नका.

एवढ्यानं भागत नसेल आणि एक तरी खरं भूत हवंच असेल, तर खुशाल घ्या. बाराही कलमं माणसांसाठी आहेत. भुतानं स्वतः येऊन घाबरवलं तर त्याच्यावर कुठलं कलम लावायचं, यावर निरीक्षकाला वरिष्ठांशी पत्रव्यवहार करू द्या. दुसऱ्या भागाची सोय झाली.