कोपऱ्यावरचं मीटर

"अहो वहिनी, कपडे राहू द्या जरा, इकडे कुंपणापाशी या. काल भरारी पथकाची जीप कुणाच्या दारात होती, कळलं का?"

"कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या. गॅलरीतून दिसली, पण भानगड काय ते नाही कळलं, ताई."

"मॅग्नेट! साबणाच्या वडीएवढा. रात्री एसी चालू केला की मीटरला चिकटवायचा, सकाळी काढून ठेवायचा. आमच्या ह्यांची सगळी नोकरी मीटर टेस्टिंगमध्ये गेली, त्यांना ऐकून हसू आवरेना."

"चोरीत हसायचं काय?"

"अहो, चोरी करून बिल वाढवून घेतलं त्यांनी! जुनं चकतीचं मीटर आठवतं ना? १८८९ साली बुडापेस्टच्या ओट्टो ब्लाथीनं तसल्या मीटरचं पेटंट घेतलं, आणि पुढं शंभर वर्षं तेच चाललं. आता चकती गेली. प्रवाह मोजायला आत बारकासा ट्रान्सफॉर्मर असतो. जबर मॅग्नेट जवळ आला की तो गडबडतो, म्हणून शेजारीच हॉल सेन्सर बसवतात. त्याला चाहूल लागली की मीटर तारीख-वेळ टिपून ठेवतं, आणि बऱ्याच मीटरांत तर तिथून पुढं पूर्ण क्षमतेनं युनिट पडायला लागतात. मग घरात एकच बल्ब का चालू असेना! ३० अँपिअरचं मीटर, २४० व्होल्ट, म्हणजे तासाला ७.२ युनिट. रात्री दहा ते सकाळी सहा, करा हिशोब."

"सत्तावन्नच्या वर! अगं बाई, आमचे महिन्याला नव्वद येतात."

"तर! आणि आम्ही चाळीत होतो तेव्हाचं सांगते. एका महाभागानं न्यूट्रल सोडवून परतीची वायर नळाच्या पाइपला जोडली होती. नळ उघडला की आम्हाला झिणझिण्या. तेव्हाच्या मीटरला पत्ताच लागायचा नाही. आता फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडचा प्रवाह मोजतात. दोन्ही सारखे हवेत. नसले तर जास्त असेल तो धरून बिल, वर 'अर्थ'चा लाल दिवा. झाकण उघडलं तरी आतलं बटण सुटतं, आणि लाइट गेलेले असले तरी बॅटरीवर त्याची नोंद होते."

"ते चोरांचं झालं हो. आमचं मीटर पळतंय त्याचं काय?"

"ज्याला विचारावं त्याचं पळतच असतं! मीटरवरचा बारका दिवा लुकलुकतो ना, त्याच्याजवळ ३२०० इम्पल्स लिहिलंय का बघा. म्हणजे युनिटला ३२०० वेळा. फ्रिजसकट सगळं बंद करा आणि पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड बादलीत लावा. इस्त्री नको, ती तापली की मध्येच बंद पडते. मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकलं तर मीटर बरोबर. व्होल्टेज कमी असलं तर थोडं कमीच भरेल."

"आणि सत्तर भरले तर?"

"तर अर्ज द्या, फी भरा, लॅबमध्ये तपासून घ्या. घरचा हिशोब ढोबळच. तिथं प्रमाण मीटरशेजारी लावून कमी लोडवर, जास्त लोडवर, दोन्हीकडे बघतात. क्लास १ च्या मीटरला साधारण एक टक्का फरक माफ. पूर्वी हे स्क्रू पिळून मीटर जुळवायचे. आता दुरुस्तीचे आकडे कारखान्यातच मीटरच्या मेमरीत भरतात, त्यामुळं ओळखीच्या वायरमनला 'जरा बघ रे' म्हणून काही होत नाही."

"आमच्या ह्यांचा तोच बेत होता. सील उघडून नुसतं बघायचं म्हणत होते."

"वहिनी, आज जेवायला बसले की सांगा त्यांना. सीलला बोटही लावू नका म्हणावं. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ आहे, वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद."