आंबील ओढ्यातल्या गाळास अनावृत पत्र

सन्माननीय गाळसाहेब,
मुक्काम आंबील ओढा, पुणे.



तीन आठवड्यांपूर्वी पोकलेनने आपल्याला ओढ्यातून उचलून आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत आणून ठेवलं, तेव्हा प्रथमच समोरासमोर दर्शन घडलं. इतक्या वर्षांचा शेजार, पण ओळख फक्त वासाची. पाहुणे विचारतात, "कुठे अंडी सडलीत का?" आम्ही म्हणतो, "नाही, ओढा आहे." मग खिडकी लावून चहा घेतो.

आपलं घराणं जुनं. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा नानासाहेब पेशव्यांनी अडवला, पर्वतीखाली तळं केलं. तळ्यातला गणपती आता सारसबागेत बिनतळ्याचा बसतो. गावाकडे आपले भाऊबंद धरणातून निघाले की शेतकरी ट्रॉल्या घेऊन हजर होतात. आपल्याला मात्र कुणी कुंडीतही घ्यायचं नाही.

कारण आपण पडलात शहरी. टेकडी फोडून निघालेला मुरूम, नव्या इमारतींचा राडारोडा, आमच्या घरांतलं मैलापाणी, सगळ्यांना आपण पोटात घेतलंत. टायर झिजून जस्त सुटतं, ब्रेक झिजून तांबं. पहिल्या पावसात रस्ते धुतले की दोन्ही आपल्याकडे मुक्कामाला. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण शिशाला कुजणं ठाऊक नाही.

पाण्याचं बरं असतं. बाटलीत भरायचं, घाण कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूचा आकडा, म्हणजे बीओडी, काढायचा, आंघोळीच्या पाण्याची लिटरमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली म्हणून हळहळायचं. तोवर ते मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत पोचलेलं असतं, म्हणजे सोलापूरकरांचा प्रश्न झालेलं असतं. आपण मात्र जागचे हलत नाही. कण जितका बारीक तितके धातू जास्त धरतो, आणि आपले कण तर केसाहून बारीक. रात्री अकराला टँकरवाला पाइप सोडून निघून जातो, त्याची नोंद आपल्याकडे असते. पण आपली जबानी घ्यायला बाटलीवाले थांबत नाहीत.

२५ सप्टेंबर २०१९ची रात्र आपल्याला आठवत असेल. ओढा फुगला, टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. सकाळी आपण काठावरच्या घराघरांत होतात, गाद्यांत, कपाटांत. पात्र आवळत आणलं आम्ही; नाव मात्र आपलं खराब झालं. पुरानंतर लोकांनी आपल्याला खराट्याने बाहेर काढलं, कुठे? ओढ्यातच.

तेव्हापासून नालेसफाईकडे मी बदलीच्या हुकमासारखं पाहतो. आपणही मुरलेल्या कारकुनासारखे पावसाळ्याआधी बाहेर पडता आणि पावसाळ्यात मूळ जागी रुजू होता. हजेरी दोन्हीकडे लागते, बिलं दोन्ही वेळची निघतात.

काल जवळ जाऊन पाहिलं. ढिगाची वरची साल हवेने तपकिरी पडलीय. काठी खुपसली तर आत डांबरासारखं काळं. हा काळेपणा लोखंड आणि गंधकाच्या संसाराचा. प्राणवायू नसलेल्या तळाशी हेच गंधक बाकीच्या धातूंनाही बांधून ठेवतं. उघड्यावर आणलं की ही गाठ सैल होते, धातू मोकळे व्हायला लागतात. नेमक्या त्याच ढिगावर आमच्या बिल्डिंगमधली पोरं किल्ला करत होती. बुरूज छान जमला होता. तटात प्लास्टरच्या गणपतीचा एक हात होता, मोदकासकट.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "वाळला की उचलतो." ओला गाळ डंपरमधून रस्ताभर गळतो, तेव्हा त्याचं म्हणणं चूक नाही. आता तीन आठवडे झाले.

आपला शेजारी,
तळमजला, डावीकडचा फ्लॅट

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता वळीव कोसळला. ढीग निम्मा उरलाय. उरलेल्या निम्म्यासाठी डंपर पाठवा, असा अर्ज सोसायटीने आज दिला. पोच मिळाली आहे.