फ्रूटलँड्सचे तत्त्व आणि बैल

फ्रूटलँड्स ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जून १८४३ मध्ये वसवलेली आदर्श सहजीवन-वसाहत. सुमारे ९० एकर जमिनीचे पैसे चार्ल्स लेन यांचे. तत्त्वज्ञान ब्रॉन्सन ऑल्कॉट यांचे, आणि त्याला तोटा नव्हता. मांस, दूध, अंडी, चहा, कॉफी सगळे वर्ज्य. कापूस गुलामांच्या घामाचा आणि लोकर मेंढीच्या मालकीची, म्हणून कपडे लिननचे. शेणखत अशुद्ध ठरले. बैल हा शोषित जीव. तेव्हा जमीन माणसांनीच कुदळीने खणायची. पाठी धरल्या तसे तत्त्व जरा सैल झाले आणि वसाहतीतलेच जोसेफ पामर यांनी बैल आणला, जोडीला गाय. स्वयंपाक, धुणी, शिवण ही कामे मात्र कुणाचे शोषण मानली गेली नाहीत. ती ब्रॉन्सन यांच्या पत्नी ॲबिगेल ऑल्कॉट करत होत्या. सातू काढणीला आला तेव्हा तत्त्वज्ञ प्रचाराच्या दौऱ्यावर होते. वादळ दिसताच ॲबिगेल आणि मुलांनी मिळून तो घरात आणला. जानेवारी १८४४ मध्ये ऑल्कॉट कुटुंबाने मुक्काम हलवला. कन्या लुईसा यांनी १८७३ मध्ये या प्रयोगावर खुसखुशीत कथा लिहिली. जमीन पुढे विकत घेऊन टिकवली ती पामर यांनी, बैलवाल्यांनी.