तेला-तुपाचा कारभार

ज्या गृहस्थाने उभ्या हयातीत स्वहस्ते एकदाही फोडणी घातलेली नाही, त्याच्या ठिकाणी तेला-तुपाविषयी जे अगाध ज्ञान वसत असते, ते घाण्यावर जन्म काढलेल्या तेल्याच्याही ठिकाणी सापडावयाचे नाही. आणि महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मी या नियमाचा ठळक दाखला आहे, हे येथे साभिमान नमूद करतो. रक्तातील चरबीचा अहवाल डॉक्टरांनी पुढ्यात ठेवला तेव्हा दुसरा कोणी असता तर हबकला असता. मला मात्र निवृत्तीनंतर प्रथमच एखादे प्रकरण आपल्याकडे वर्ग झाले, असा निर्मळ आनंद झाला.

पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचे हे आमचे विंचूर. येथे जन्मलेल्या माणसास वारशाने गुंठाभर जमीन न लाभली तरी हुकूम सोडण्याची खोड तेवढी आपसूक लाभत असावी. त्या खोडीस जागून मी स्वयंपाकघराच्या मुलखात फर्मान जारी केले ते असे : तेल असो वा तूप, दर ग्रॅमास ९ उष्मांक ही आकारणी सर्वांस सारखीच, परंतु शेंगदाणा, तीळ आणि करडई यांच्या तेलांत असंतृप्त स्निग्धांशांचे आधिक्य असल्यामुळे ती रयत सरळ वर्तनाची समजावी, तुपात संतृप्त अंश निम्म्याहून अधिक आणि खोबरेलात तर त्याहूनही पुष्कळ, सबब त्या दोघांवर नजर ठेवावी, जवसाच्या चटणीस, तीत ओमेगा-३ विपुल असल्यामुळे, सारामाफी द्यावी, आणि बैठे काम करणाऱ्या पुरुषाने वरून घेतलेले तेल-तूप दिवसाकाठी २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारे पाच चमचे, व स्त्रीने २० ग्रॅम, ही आहारतज्ज्ञांनी आखलेली हद्द कोणीही ओलांडू नये.

“अहो, ते सगळं खरं,” सौभाग्यवती कणीक मळता मळता म्हणाली, “पण भाजी सगळ्यांची एकाच कढईत होते. त्यातले तुमचे पाच चमचे वेगळे कसे काढायचे? की तुमची फोडणी निफाडच्या तहसील कचेरीतून मंजूर होऊन येणार?”

या हरकतीवर दफ्तरात उत्तर नसल्यामुळे मी प्रकरण तहकूब केले आणि पाय मोकळे करण्याच्या मिषाने बाहेर पडलो, तो थेट कांदाभज्यांच्या गाडीपाशी थबकलो. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावी असल्यामुळे कांदा आम्हांस ग्रामदैवताच्या खालोखाल पूज्य आहे. आणि त्या कांद्यात स्वतःचा असा स्निग्धांश जवळजवळ नसतोच, भज्याच्या रूपाने तो बदनाम होतो तो निव्वळ कुसंगतीने. खरा आरोपी कढईतले ते तेल, सकाळपासून तापून काळवंडलेले, कडेने फेस धरलेले, ज्यात उद्या नव्या तेलाची नुसती भर पडावयाची. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात जी ध्रुवीय संयुगे साचतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेले तर ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून अमलात आहे, हे मी गाडीवाल्यास सविस्तर समजावून दिले. त्याने ते अदबीने ऐकून घेतले आणि विचारले, “काका, मिरची तळलेली देऊ का?” एवढ्या अगत्याचा अव्हेर करणे माझ्या संस्कारांत बसेना.

आता डालडा नामक वनस्पती तुपाविषयी. त्याचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु पिवळ्या पत्र्यावरचे ते हिरवे झाड ज्याने बालपणी पाहिले आहे, त्याला स्निग्ध पदार्थांवर बोलताना त्या डब्याला वळसा घालून पुढे जाता येणे शक्य नाही. डबा रिकामा झाला म्हणजे त्याची खरी कारकीर्द सुरू होई : धाकट्या भावंडांत वाटणी व्हावी तशी एकाच्या वाट्यास तूरडाळ येई, दुसऱ्याच्या वाट्यास अंगणातली तुळस, आणि तिसरा पहाटेच्या अंधारात पाण्याने भरून गावाबाहेर जाई, त्याची वाच्यता कोणी करीत नसे. १९३७ साली हा डालडा बाजारात आला. वनस्पतीच्या पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन खेळवून त्याला तुपासारखे घट्ट करावयाचे, ही त्याची किमया. गांधीजींनी वनस्पती तुपाविरुद्ध लेखणी चालविली; सरकारने त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. कोणी साजूक तुपात वनस्पती मिसळलेच, तर प्रयोगशाळेत आम्ल आणि साखर यांची गाठ पडताच हे तिळाचे तेल तांबूस रंग दाखवून फितूर होई. गुन्हेगाराच्याच घरात सरकारी खबऱ्या पेरण्याची ही तजवीज ज्या डोक्यातून निघाली, त्याला माझा मुजरा आहे! मात्र तो खबऱ्या तुपाच्या अब्रूसाठी नेमलेला होता, खाणाऱ्याच्या हृदयासाठी नव्हे. त्या किमयेत निपजणारी ट्रान्स स्निग्धाम्ले घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितात, हे उमगण्यास अनेक दशके लोटली. त्यांवर २ टक्क्यांचा निर्बंध आला तो जानेवारी २०२२ मध्ये.

आमच्या घरी साजूक तूप बुधलीत असे आणि बुधली आईच्या ताब्यात. तव्यावरून उतरलेल्या बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा उचलून ती आत बोटाने तूप सारी : आधी वडिलांच्या, मग आम्हा मुलग्यांच्या, बहिणींच्या भाकरीवर ते बोट नुसते फिरे, आणि शेवटी ती स्वतः जेवावयास बसे तेव्हा ठेचा असे, बुधली फळीवर गेलेली असे. दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकून निंदणी-खुरपणी करणारी बाई ती. तुपाची गरज घरात कोणाला असेल तर तिला होती. तिला ‘तूही घे’ म्हणण्याची आमच्याकडे रीत नव्हती. ‘स्त्री : २० ग्रॅम’ हा कोष्टकातला रकाना आज वाचतो तेव्हा संताप येतो तो याचा, की जिच्या ताटात तो कधी भरलाच गेला नाही, त्या आईच्या लेकी-सुनांनाही आपण आता बेताने खाण्याचाच उपदेश ऐकवितो.

सबब वाचकांस विनंती इतकीच : तेल लाकडी घाण्याचे आहे म्हणून मोजणीतून सुटत नाही, शेंगदाणा, करडई, तीळ आलटून-पालटून वापरावेत, तळणीतून उरलेले तेल पुन्हा तळणीस चढवू नये, साजूक तूप चमचाभर खुशाल खावे, आणि वाढणारीच्या भाकरीवर तो चमचा पडला की नाही हे पाहिल्याखेरीज पुरुषाने स्निग्धांशांवर व्याख्यान देऊ नये.