रोजकीर्दीतील कादंबरीकार

कादंबरी लिहिणाऱ्यांपेक्षा कादंबरी लिहिण्याचा संकल्प सोडणाऱ्यांची संख्या आपल्याकडे नेहमीच मोठी राहिली आहे. आणि त्यांपैकी बहुतेक मंडळी प्रतिभेच्या आगमनाची प्रतीक्षा करीत एखाद्या उपाहारगृहाच्या बाकावर, दुसऱ्याने मागविलेल्या चहाच्या साक्षीने, आयुष्य कंठीत असतात. सोलापूरकडील एका दुष्काळी तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावर असलेले आमचे भाऊसाहेब या पंथाचे नव्हेत. ते रोज पहाटे कादंबरी लिहितात, आणि प्रतिभा वेळेवर न आल्यास तिची गैरहजेरी मांडून कामकाज सुरू करतात.

या नेमाचे मूळ विलायती आहे. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीस असताना पहाटे साडेपाचाला मेजाशी बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पाव तासाला २५० शब्द स्वतःकडून वसूल करी, हे त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने स्वमुखाने सांगितले आहे. हे वाचून तिकडील कित्येक रसिकांनी नाके मुरडली. भाऊसाहेबांना मात्र त्यात सरकारी नोकराने साहित्यिक व्हावे असा रीतसर हुकूमच दिसला. वेळेवर जागे करण्याबद्दल ट्रॉलप आपल्या म्हाताऱ्या मोतद्दाराला सालीना ५ पौंड जादा देत असे, ही त्या ग्रंथातील बाब तेवढी त्यांनी वहिनींच्या कानावर अद्याप घातलेली नाही. कारण चहाचे आधण ठेवून हाका मारण्याचे ते काम घरी विनावेतन होते.

परंतु ट्रॉलपने केवळ घड्याळ दिले. कायदा भाऊसाहेबांचा स्वतःचा आहे. रोजचे २५० शब्द हा सारा, न लिहिलेले शब्द ही थकबाकी, आणि वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपणारे, म्हणजे अस्सल महसुली. पीक चार आण्यांपर्यंत असेल तर साऱ्याची पूर्ण तहकुबी आणि चार ते सहा आण्यांच्या दरम्यान असेल तर निम्मी, हा मुंबई इलाख्यातील जुना नियम त्यांनी स्वतःच्या मेंदूलाही लागू केला असून, रात्री कीर्तनाला जागरण झाले असता किंवा प्रांतसाहेबांचा दौरा तोंडावर आला असता ते अंथरुणातच आपल्या कल्पनाशक्तीची आणेवारी ठरवितात. ती पावणेचार भरल्याचे मी अनेकदा ऐकले आहे. हा आकडा लावणाराही तेच आणि त्याविरुद्ध दाद मागणारेही तेच, तेव्हा अपिले सहसा फेटाळली जात नाहीत.

या शिस्तीचा कथानकावर जो परिणाम व्हावयाचा तो झाला आहे. नायकाची फेरफार नोंद झाल्याखेरीज त्याला गाव बदलता येत नाही. खलनायक मेला की वारसनोंदीसाठी प्रकरण दोन प्रकरणे खोळंबते. अडीचशेवा शब्द पडताच टाक खाली ठेवण्याचा दंडक असल्यामुळे नायिका विहिरीवर ‘मी आपल्याला’ एवढेच बोलून थांबली, आणि दुसऱ्या दिवसापासून तहकुबी लागल्याने बिचारी पोहऱ्याची दोरी धरून आठवडाभर तिथेच उभी राहिली. उलटपक्षी, शब्द कमी पडू लागले की पाऊस सुरू होतो. ज्या तालुक्यात मृगाचा थेंब पाहण्यास माणसे आसुसलेली असतात, तेथे या कादंबरीत मात्र बारमाही मुसळधार लागलेली असते.

थट्टा सोडून बोलावयाचे तर, मला या माणसाविषयी आदर वाटतो. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः लिहिली तेव्हा १८९० साली निघालेले त्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक दर आठवड्याला मजकूर मागत होते, आणि पुढच्या अंकाची वाट पाहणारी माणसे घरोघरी होती. भाऊसाहेबांजवळ मजकूर मागणारे जगात कोणी नाही. म्हणून त्यांनी स्वतःपुरते एक सरकार स्थापन केले, आणि त्याचे रयत व तलाठी दोन्ही आपणच झाले. त्यांच्या कपाटात लाल फडक्यांत बांधलेली दप्तरे आहेत. उपाहारगृहातील प्रतिभावंतांच्या नावावर चहाची उधारी आहे.

एकदा त्यांनी ती दप्तरे मला चाळू दिली. पावसातून वाट काढीत असता अचानक पाच-सहा पाने अशी लागली की मी वाचताना थांबलो. पेन्शनीत निघालेला एक पट्टेवाला दुसऱ्या दिवशी सवयीने कचेरीत येतो, साहेबांच्या दाराबाहेरील स्टुलावर नवा माणूस बसलेला पाहतो, आणि त्याला घंटेच्या कोणत्या आवाजाला किती वेगाने उठावे हे समजावू लागतो. त्या पानांत पाऊस नव्हता, दाखला नव्हता, एक शब्द भरतीचा नव्हता. समासात मात्र तांबड्या शाईने शेरा होता : ‘शब्द ११४०. मर्यादेबाहेर. जादा ८९० आगाऊ जमा धरून पुढील साडेतीन दिवस वसुली बंद.’

“भाऊसाहेब,” मी म्हणालो, “या साऱ्या दप्तरात खरे लिहिले गेले आहे ते एवढेच.”

त्यांचा चेहरा, तपासणीत अफरातफर उघडकीस यावी तसा, पडला. त्यांनी पाने माझ्या हातून काढून घेतली, टाचणी पुन्हा नीट लावली आणि शेऱ्याखाली तारीख घालून खुलासा नोंदविला : ‘सदर दिवशी घड्याळ बंद होते.’